दोर माझ्या हातात

निघायच्या आदल्या दिवशी आईनं दोन गोष्टी माझ्या हवाली केल्या. एक थालिपिठाच्या भाजणीचा डबा आणि दुसरा मीनूसाठी निरोप. डबा बॅगेत नीट बसला. निरोपाचं ओझं मात्र सबंध प्रवासात उतरेना. "तुझं ऐकेल ती," आई म्हणाली होती. "म्हणावं, ते कड्याला लोंबकळणं आता पुरे झालं. चौतीस वर्षांची घोडी झालीस. उद्या काही कमीजास्त झालं तर आम्ही इथून काय करायचं?"

मीनू माझी धाकटी बहीण. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी एका प्रयोगशाळेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिनं घरच्या ग्रुपवर एक फोटो पाठवला होता. छपरासारखा पुढे आलेला खडक, आणि त्याच्या पोटाला जमिनीकडे पाठ करून चिकटलेली आमची मीनू! तेव्हापासून स्वयंपाकघरात पाल दिसली की आईच्या डोळ्यांत पाणी येतं. आम्ही हसतो, पण तिची झोप खरोखरच उडाली आहे.

मी शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे. २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीला थोडी बिनपगारी रजा जोडली, मुलाला आणि ह्यांना सासूबाईंच्या स्वाधीन केलं आणि चार आठवड्यांसाठी केंटकी गाठलं. निरोप पहिल्याच संध्याकाळी देऊन टाकायचा असं ठरवलं होतं. पण मीनू माझी बहीण. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "ताई, आईनं काय सांगितलंय ते मला माहीत आहे. तू आधी बघ, मग सांग."

बघायचं म्हणजे नुसतं लांब उभं राहून बघायचं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ऑफिस सुटल्यावर ती मला एका मोठ्या गोदामासारख्या इमारतीत घेऊन गेली. आत भिंतींना रंगीबेरंगी खुंट्या लावलेल्या, आणि त्यांवर लहान मुलांपासून आजोबांपर्यंत माणसं चढत होती. तिथे मला चढायला नव्हे, दोर धरायला शिकवलं. खालून दोर सांभाळणं ह्याला बिले देणं म्हणतात. आपल्या सह्याद्रीत चढणारी मुलंही हाच शब्द वापरतात. कमरेला जाड पट्ट्यांचा हार्नेस, त्याला पोलादी कडी, कडीत ग्रीग्री नावाचं मुठीएवढं यंत्र आणि यंत्रातून जाणारा दोर. वरच्याला दोर लागला की सोडायचा, ढिला झाला की ओढून घ्यायचा. दोराला एकदम हिसका बसला की यंत्र त्याला आत चावून धरतं. तरीपण खालच्या दोरावरचा उजवा हात कधीही, कशासाठीही सोडायचा नाही. नाक खाजलं तरी नाही! आठवड्यातून तीन-तीन संध्याकाळी हेच. आमच्याकडे विहिरीवर रहाट होता, त्यामुळे दोराशी माझी जुनी ओळख. शिकवणाऱ्या मुलीला त्याचं नवल वाटलं.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी पहाटे आम्ही निघालो. बरोबर मीनूची एक मैत्रीण होती. साठी उलटलेल्या, पांढऱ्या केसांची वेणी घालणाऱ्या ह्या बाई ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. लेक्सिंग्टनच्या बाहेर पडलं की घोड्यांची कुरणं लागतात, मैलोगणती काळ्या फळ्यांची कुंपणं. मग डोंगर सुरू होतात आणि तासाभरात रेड रिव्हर गॉर्ज, म्हणजे तांबड्या नदीची घळ. ऑक्टोबर संपत आलेला. सबंध रान हळदीच्या, शेंदराच्या आणि कुंकवाच्या रंगाचं झालं होतं. ह्या भागातल्या खडकांच्या कपारींत सोनसळी फुलांचं एक पांढरट लवेचं रोप उगवतं, ते जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाही. ते इतकं विरळ झालं होतं की सरकारनं त्याला संरक्षण दिलं होतं. पुढे ते सावरलं, आणि २०१६ साली त्याचं नाव धोक्याच्या यादीतून काढलं. ग्रंथपालबाईंनी मला एका कपारीत ते दाखवलं; फुलं वाळत आली होती. हात लावू नको, असं मात्र दोनदा बजावलं.

आम्हाला जायचं होतं म्यूर व्हॅलीला. ही दरी सरकारी नाही, आणि तिची हकिगत मला फार आवडली. आसपासचा पुष्कळसा डोंगर राष्ट्रीय वनात मोडतो. तिथे खडकाला नवे बोल्ट ठोकायचे तर परवानगीची कटकट. म्हणून चढणाऱ्यांचा ओढा खाजगी जमिनींकडे गेला. रिक आणि लिझ वेबर ह्या नवराबायकोनं २००४च्या सुमारास इथली दरी विकत घेतली, पुढे वाढवत सुमारे चारशे एकर केली, आणि सगळ्या चढणाऱ्यांना खुली करून दिली. जॉन म्यूर हा निसर्गप्रेमी १८६७ साली केंटकीतून पायी दक्षिणेकडे गेला होता; त्याचं नाव दरीला दिलं. पायवाटा बांधल्या, पूल घातले आणि अडीअडचणीला रुग्णवाहिका थेट तळाशी उतरेल असा रस्ता केला. त्या रस्त्यावरून एरवी कोणाचीही गाडी जात नाही. २०१५ साली त्यांनी सबंध दरी चढणाऱ्यांच्याच एका संस्थेला देऊन टाकली. विकली नाही, दिली! आपल्याकडे दोन गुंठ्यांसाठी भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहतात, ते आठवून मी थोडी गप्प झाले.

आता सगळं ही संस्था बघते, म्हणून नियमही तिचेच. जाण्यापूर्वी प्रत्येकानं एका कागदावर सही करायची, की माझ्या जिवाची जबाबदारी माझी. (मी तो कागद आधी दोनदा वाचला. मीनू म्हणाली, अख्खा कागद वाचणारी तूच पहिली.) गाडी वरच्या मैदानात लावायची, तिचे पैसे भरायचे आणि पायी खाली उतरायचं. मुक्काम करायचा नाही, अंधार पडायच्या आत बाहेर. तुमच्यापैकी कोणाची लेक-सून तिकडे असेल आणि जायचा योग आला तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पिण्याचं पाणी भरपूर न्या, आणि संध्याकाळचा चढ चढायला पायांत थोडं बळ शिल्लक ठेवा.

सकाळी आधी एका सोप्या भिंतीवर गेलो. तिथे मला चढायला लावलं. वर आधीच दोर अडकवून ठेवलेला, त्यामुळे भीतीचं कारण नव्हतं. भिंत किंचित मागे कललेली, जवळजवळ जिन्यासारखी. दहा-बारा पायऱ्या चढल्यावर पाय घसरला आणि मी खडकावरून घासत हातभर खाली आले. गुडघा सोलवटला. लागलं थोडं, पण मनात म्हटलं, सोप्या भिंतीवर ही गत, तर त्या फोटोतल्या भिंतीवर काय होत असेल?

दुपारी ती भिंत आली. तिला सोलॅरियम म्हणतात, म्हणजे उन्हाची खोली. नाव अगदी शोभतं, आम्ही गेलो तेव्हा ती उन्हानं न्हाली होती. पण पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. भिंत म्हणावं तर ती उभी नाहीच. खालून वर जाताना ती आपल्याच अंगावर झुकत येते, भरतीची लाट फुटायच्या आधी वाकते तशी. हा खडक कॉर्बिन सँडस्टोन, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेल्या वाळूचा झालेला. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड त्यापुढे पोरसवदा, सहा-साडेसहा कोटी वर्षांचा! वाळूच्या थरांत लोहाच्या पट्ट्या आहेत. मऊ दगड झिजतो आणि त्या पट्ट्या ताटाच्या कडेसारख्या बाहेर राहतात. त्यांनाच धरून चढायचं. भिंत पुढे झुकलेली असल्यामुळे पावसातही तिचा पुष्कळसा भाग कोरडा राहतो.

प्रत्येक चढाईच्या वाटेला नाव असतं. मीनूच्या वाटेचं नाव 'एअर राइड इक्विप्ड'. अमेरिकेत मालट्रकांच्या मागे हे शब्द लिहिलेले असतात, आपल्याकडे 'हॉर्न ओके प्लीज' असतं तसे. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी, कारण ह्या वाटेवर पडलं की माणूस हवेतूनच प्रवास करतो. तिथल्या मोजणीत अवघडपणाचे आकडे पाच-शून्यापासून पाच-पंधरापर्यंत आहेत. ही वाट पाच-अकराची. म्हणजे फार मोठ्या वीरांची नव्हे, पण नोकरी करून शनिवार-रविवारी चढणाऱ्या बाईला घाम फोडील अशी. मीनू वर्षभर हिच्यामागे होती.

अशा चढाईला स्पोर्ट क्लाइंबिंग म्हणतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला, काहींनी टीव्हीवर पाहिला असेल. खडकाला ठरावीक अंतरावर बोल्ट कायमचे ठोकलेले असतात. चढणारा कमरेला दोर बांधून निघतो. बोल्टाशी पोचला की दोन कड्या जोडलेला एक पट्टा त्यात अडकवायचा, आणि खालच्या कडीत आपला दोर. हे करताना एका हातानं अख्खं शरीर पेलायचं असतं. पुढच्या बोल्टापर्यंत जाताना पडलात, तर मागच्या बोल्टाच्या तितकेच खाली जाऊन दोरावर थांबता, शिवाय दोर ताणतो तेवढं आणखी. वरून दोर लावलेला नसतो. सगळा भरवसा खालच्या माणसावर.

आणि खालचं माणूस मी!

ग्रंथपालबाई माझ्या मागे उभ्या राहिल्या. माझ्या हातातून निघालेला दोर त्यांनीही हातात धरला होता, म्हणजे माझी चूक झाली तर दुसरा हात तयार. निघण्यापूर्वी मीनूनं माझं यंत्र तपासलं, मी तिची गाठ तपासली. इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ, तिच्यातून दोर दुहेरी गेलाय की नाही ते बोट लावून बघितलं. दोराच्या दुसऱ्या टोकालाही गाठ मारली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, खाली सोडताना दोर कमी पडला आणि टोक यंत्रातून निसटलं तर माणूस थेट जमिनीवर. ह्या खेळातले पुष्कळसे अपघात असेच होतात, खडकामुळे नाही, विसरण्यामुळे. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला समजेना. गॅस बंद केला का हे तीनदा बघणाऱ्या बाईच्या हाती हे काम दिलं ते बरंच झालं, एवढं वाटलं.

मीनू चढू लागली. पहिले दोन बोल्ट जमिनीजवळ. तिथे मात्र पडणं खरंच धोक्याचं, कारण खाली जमीन जवळ असते. ती तिसऱ्या बोल्टापाशी पोचेपर्यंत मी श्वास घेतला नसेल. मग भिंत झुकू लागली. पाय वर उचलून पट्टीवर टेकवायचा, कंबर खडकाजवळ न्यायची, मग हात. घाईनं नुसते हात ओढत गेलं की दंड भरून येतात आणि बोटं आपोआप उघडतात. ती मधूनमधून एक हात सोडून खाली झटकायची, पिठाचे हात झटकावेत तशी. हातांना लावलेली पांढरी पूड खाली माझ्यावर पडायची.

शेवटच्या वाकणाच्या खाली ती थांबली. मागची कडी तिच्या पायांच्या खाली राहिली होती. उजवा हात वरच्या पट्टीला लागला आणि निसटला.

पडताना ती ओरडली नाही, ओरडले मी. दोर ताठ झाला, माझ्या टाचा उचलल्या गेल्या, पाऊलभर पुढे ओढली गेले आणि सगळं थांबलं. माझा उजवा हात दोरावर इतका घट्ट होता की ग्रंथपालबाईंना नंतर बोटं सोडवावी लागली असती. वर बघितलं तर मीनू हवेत हळूहळू झुलत होती. खडक तिच्यापासून चार-पाच हात लांब. आपटायला आसपास काही नव्हतंच. आणि ती हसत होती!

"ताई, लागलं का तुला?" तिनं वरून विचारलं. पडली ती, आणि लागलं का म्हणून मला विचारते!

खाली आल्यावर ती म्हणाली, "सकाळी गुडघा फुटला तो सोप्या भिंतीवर. तिथे पडलं की घासतो, पायऱ्यांवर आदळतो. इथे खाली काही नाही, म्हणून लागत नाही. आईला फोटोत जे बघून भीती वाटते ना, ती खालची मोकळी जागा, तीच मला सांभाळते." तिला खाली सोडलं तेव्हा ती भिंतीच्या पायथ्याशी उतरली नाही, माझ्याही मागे सात-आठ पावलांवर उतरली. वरून ओळंबा सोडला असता तर तिथेच टेकला असता. भिंत किती झुकलेली आहे हे मला तेव्हा कळलं.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या हातात जीव द्यायचा म्हणजे धोका आलाच. पण आईच्या आणि माझ्या मनात होता तो धोका वेगळा, आणि खरा वेगळा.

विश्रांतीला बसलो तेव्हा भाजणीची थालिपिठं काढली. ग्रंथपालबाईंनी दोन खाल्ली आणि कृती लिहून मागितली. त्या हात धुवायला ओढ्यावर गेल्या तेव्हा मीनू म्हणाली, "ह्यांनीच मला पहिल्यांदा भिंतीवर नेलं. बाबा गेले त्या उन्हाळ्यात." बाबा २०२१च्या मे महिन्यात गेले, कोविडमध्ये. तिला येता आलं नव्हतं. "महिनाभर रात्री फोन हातात धरून झोपायचे मी. भिंतीवर गेले तो पहिला तास असा होता की हात मोकळा नव्हता, फोन बघताच येत नव्हता." ती हे आईला कधी बोलली नाही, मलाही नाही. त्या वर्षी मी तिला रोज फोन करीत होते, आणि प्रत्येक फोनच्या घंटीला तिकडे काय होत असेल हा विचार मला शिवला नव्हता.

उन्हं कलल्यावर ती पुन्हा चढली. ह्या वेळी त्या पट्टीवर हात बसला. मला वाटलं झालं! पण पुढची कडी अडकवायला दोर वर ओढताना डावा हात उघडला आणि ती पहिल्यापेक्षाही लांब पडली. मी ओरडले नाही. टाचा पुन्हा उचलल्या, हात जागच्या जागी. दोरावर लोंबकळत थोडी विसावली, तिथूनच पुढे चढून वरच्या साखळीला हात लावून आली. पण मध्ये दोरावर बसलं की ती चढाई पूर्ण धरत नाहीत. "पुढच्या शनिवारी," म्हणाली. पुढच्या शनिवारी पाऊस लागला आणि त्यानंतर माझं विमान होतं. ती वाट अजून तिची व्हायची आहे.

परत वर गाडीपाशी येताना तो चढ खरोखरच जीव काढतो. अर्ध्या वाटेवर धापा टाकत मी आईचा निरोप दिला, शब्दाला शब्द, घोडीसकट. मीनू थांबली, थोडा वेळ खालच्या दरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही गं ताई. हे नाही सोडणार." मी पुढे काही बोलले नाही.

स्लेड गावी मिगेल्स म्हणून एक पिझ्झ्याचं दुकान आहे, तिथे जेवलो. १९८४ साली ते आइसक्रीमचं दुकान म्हणून निघालं. पुढे चढणारी मंडळी येऊ लागली, त्यांना पोटभरीचं हवं होतं म्हणून पिझ्झा आला. आता मागच्या मैदानात त्यांचे तंबू असतात. पिझ्झ्यावर काय काय घालायचं त्याची यादी आपल्या लग्नाच्या याद्यांएवढी. चढणारी पोरं पांढऱ्या बोटांनी खात होती, कोणाला हात धुवायचं भान नव्हतं.

गाडीतून आईला फोन लावला. इकडे रात्रीचे आठ, तिकडे पहाटेचे साडेपाच. आई उठलेली होतीच.

"सांगितलंस का तिला?"

"सांगितलं."

"मग?"

"नाही म्हणाली."

आईनं सुस्कारा सोडला. मग हळूच विचारलं, "पडली का आज?"

"दोनदा पडली. काही लागलं नाही."

"आणि दोर कोणाच्या हातात होता?"

"माझ्या."

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, डोंगरात फोन तुटला. मग आई म्हणाली, "भाजणी पुरली का गं? तिकडे येणारं कोणी असलं तर सांग, आणखी करून ठेवते."